आप्पांना ऐकू येईल असा डाउनपाइप

कानवाल्यांचं खरं आडनाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. कारण पाटीवर एक भलामोठा कान रंगवलाय, आणि तो इतका हुबेहूब आहे की रस्त्याने गप्पा मारत येणारी माणसं त्याच्यासमोर आली की आपोआप आवाज खाली आणतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे कान तपासायचे आणि कानामागे बसणारं मशीन त्यांना जुळवून द्यायचं, हा कानवाल्यांचा धंदा. धंद्यात माणूस इतका मऊ बोलतो की तपासणीआधीच गिऱ्हाइकाला वाटावं, आपले कान अगदीच गेले.

पण टर्बोचा विषय निघाला की हाच माणूस हातवारे करत खुर्चीतून उठतो. त्याच्याकडे एक लालभडक, बुटकी, आधी दुसऱ्याने वापरलेली टर्बोवाली गाडी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर फुकट घालवायचा नाही, त्याच्यावर एक इवलंसं चक्र गरागरा फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, हा टर्बोचा कारभार. कानवाले तो भाजीवाल्यालाही समजावून सांगतात. भाजीवाला आता त्यांना न विचारताच भाजी तोलून देतो आणि वाटेला लावतो.

गेल्या काही दिवसांपासून त्यांच्या डोक्यात एकच वस्तू घुसली होती. टर्बोतून निघालेला धूर ज्या पहिल्या नळीतून खाली उतरतो ती, म्हणजे डाउनपाइप. कंपनीने बसवलेली नळी अरुंद आणि आत धूर गाळायच्या जाळीने गच्च भरलेली. सिनेमा सुटल्यावर थेटराचं एकच दार उघडावं, तशी धुराची चेंगराचेंगरी. त्या जागी बाहेरचा रुंद डाउनपाइप बसवला की टर्बो मोकळा श्वास घेतो, गाडी ताकद दाखवते, आणि मुख्य म्हणजे, आवाज! 

"आवाज" म्हणताना कानवाल्यांचे डोळे चमकायचे. त्याचं कारण गाडीत नव्हतं, घरात होतं.

त्यांचे वडील, आप्पा, जन्मभर ट्रकचं गॅरेज चालवलेले. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसऱ्याचाच. पण त्याच ट्रकांनी आणि हातोड्यांनी आप्पांचे कान खाल्ले. आता जेवणाच्या टेबलावर सगळे हसले की आप्पाही हसायचे, पण जरा उशिरा, आणि हसू संपल्यावर ताटात बघत बसायचे. साऱ्या गावाला कान देणारा माणूस, आणि स्वतःचा बाप असा रोज थोडाथोडा टेबलावरून उठून चाललेला.

मशीनचं नाव काढायची सोय नव्हती.

"माझे कान शाबूत आहेत," आप्पा गरजायचे. "तुम्हीच पुटपुटता. हल्लीच्या माणसांना तोंड उघडायला जड झालंय."

कानवाल्यांनी त्यांच्यासाठी मशीन केव्हाच जुळवून ठेवलं होतं. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं. शर्ट बदलला की मशीनही खिसा बदलायचं, पण कानापर्यंत काही पोचायचं नाही.

मग त्यांना सुचलं. मशीन नको ना? ठीक आहे. गाडीच बोलकी करू! आप्पांचं गाडीत बसणंही बंद झालं होतं. "इंजिन चालू आहे की बंद तेच कळत नाही, असल्या गाडीत बसून काय करू? पाळण्यात बसल्यासारखं वाटतं." तेव्हा आप्पांना ऐकू येईल असा डाउनपाइप शोधायचा. एकदा इंजिन ऐकू आलं की माणूस परत माणसांत येईल.

रविवारी सकाळी ते एक सोडून तीन डाउनपाइप घरी घेऊन आले. आप्पांचा जुना चेला, बोल्ट म्हणून ओळखला जाणारा मेकॅनिक, याने ते पसंतीला दिले होते. बोल्ट बुटका, डोकं रुंद, आणि एकदा एखाद्या कामात शिरला की फिरवून काढल्याशिवाय निघायचा नाही. नाव कुणी ठेवलं ते विचारायची गरज नव्हती.

कानवाल्यांची बायको ग्रंथपाल. दिवसभर लोकांना "शू" करून दमून घरी येणारी. तिने जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं.

"हे काय?"

"डाउनपाइप. हा मोकळा, आत काहीच नाही. हा मधला रुंद, पण आत धूर गाळायची विरळ जाळी आहे. आणि हा निळसर झाक मारणारा, देखणा."

"त्याच्यात काय आहे?"

"आतून कंपनीचाच. नुसता देखणा."

"मग तुझ्या चुलतभावाला दे. तो पण असाच आहे." तिने देखणा उचलून खाली ठेवला आणि त्या जागी पोळ्यांचा डबा ठेवला. "आता दोनच उरले. लवकर ठरव, मला वाढायचंय."

पण लवकर ठरवतील ते कानवाले कसले? त्यांनी चमच्याने दोन्ही नळ्या वाजवून पाहिल्या. आप्पा समोर बसून टकामका बघत होते. "पोराला वाढा काहीतरी," ते म्हणाले, "भुकेने भांडी वाजवतोय."

दुसऱ्या दिवशी कानवाल्यांनी शास्त्र कामाला लावलं. दुकानातल्या आवाजबंद खोलीबाहेरच्या तपासणीच्या संगणकावर त्यांनी तसले दोन्ही पाइप बसवलेल्या इतरांच्या गाड्यांचे आवाज चढवले आणि आप्पांच्या जुन्या तपासणीच्या आलेखाशी ताडून बघायला बसले. हो, जगात टर्बोगाडीचे शौकीन पुष्कळ असतील. पण बापाच्या कानाचा आलेख समोर ठेवून डाउनपाइप निवडणारा हा एकटाच. आलेख सांगत होता की आप्पांना जाड, खर्जातले आवाज चांगले ऐकू येतात, आणि बारीक, उंच आवाजांपाशी रेघ घसरगुंडीवरून सुटल्यासारखी खाली जाते. म्हणजे मोकळा पाइपच! त्याचा खर्ज असा की खिडकीच्या काचा थरथरतील. 

या आनंदात ते एक विसरले. तपासणीला आलेल्या एक आजी हेडफोन लावून आत केव्हाच बसल्या होत्या. बारीकशी "टीं" ऐकू आली की हात वर करायचा, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या कानात मोकळ्या डाउनपाइपची गाडी पूर्ण वेगाने गेली.

आजींनी दोन्ही हात वर केले.

कानवाले धावत आत गेले. "आजी, माफ करा, माफ करा! दुखलं का?"

"छे! किती दिवसांनी एवढं स्वच्छ ऐकू आलं. कोणती गाडी ही?"

आता अशा आजीला कानवाले सोडतात होय? आवाज कमी करून त्यांनी दुसराही ऐकवला. आजींनी मान तिरकी करून मन लावून ऐकलं. "पहिली नुसती खेकसते हो. ही दुसरी बोलते. माझे दोन जावई आहेत, म्हणून मला फरक कळतो."

संध्याकाळी कानवाल्यांनी घरी येऊन मोकळ्या पाइपची बाजू मांडली. धुराच्या तपासणीत गाडी नापास होईल, हे त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं. मागून धुराचा कच्चा वास येईल, हे त्याहून हळू. आणि शेवटी आलेखावर बोट ठेवून म्हणाले, "पण आप्पांना ऐकू येईल!"

बायको पोळी लाटता लाटता थांबली. "एक विचारू? बहिऱ्या सासऱ्याशी ओरडून बोलणाऱ्या सुना तुझ्या दुकानात येतात, त्यांना काय सांगतोस?"

"ओरडू नका. ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द कळत नाहीत."

"मग स्वतःच्या बापाशी गाडीतून ओरडणार आहेस?"

कानवाल्यांनी आलेखावरचं बोट काढून घेतलं. धंद्यात रोज दहा जणांना दिलेला सल्ला आपल्याच अंगावर आला होता. मग हळूच म्हणाले, "मधला. जाळीवाला. खर्ज त्यालाही आहे थोडा. येईल ना ऐकू?"

"बसव आणि बघ," ती म्हणाली. तिलाही आतून उत्सुकता लागलीच होती. ती फक्त ग्रंथपालाच्या चेहऱ्याने लपवत होती.

बोल्टने जाळीवाला पाइप बसवला, इंजिनाच्या संगणकाला नव्या नळीची ओळख करून दिली, आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी चौघे गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर निघाले. गाडी कानवाले चालवत होते. आप्पा पुढे, मागे बायको आणि बोल्ट. आप्पांना "नुसता एक फेरा" म्हणून आणलं होतं. त्यांनी आपला स्क्रूड्रायव्हर बरोबर घेतला होता, सवयीने, जशी काही माणसं छत्री घेतात.

रस्ता मोकळा दिसला. कानवाल्यांनी पाय दाबला.

गाडीने क्षणभर दम घेतला, आणि मग खालून एक मऊ गुरगुर उठली, आणि तिच्या अंगावरून एक बारीक, लांब, चढत जाणारी शिट्टी! सगळ्यांच्या पाठी सीटला चिकटल्या.

"अय्या!" सगळ्यांना शू करणारी बायको किंचाळली. "शिट्टी घातली हिने! परत! परत कर!"

"ऐकलंत ना दादा? ऐकलंत ना?" बोल्ट मागून सीट बडवत होता. "टर्बो गातोय!"

कानवाल्यांनी परत केलं. मग आणखी एकदा. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मोठ्या आशेने त्यांनी शेजारी पाहिलं.

आप्पांचा चेहरा गंभीर होता.

"थांबव गाडी."

गाडी थांबली. "काय झालं, आप्पा?"

"गुरगुर येते. चांगली येते. पण शिट्टी कुठाय?" आप्पा उतरले, बॉनेट उघडायला लावलं, वाकून स्क्रूड्रायव्हर टर्बोच्या अंगाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "वाढव रेस... अजून... बस." मान हलवली. "गेला."

"काय गेला?"

"टर्बो. चक्र फिरतच नाहीये. फिरलं असतं तर शिट्टी आली असती. बोल्ट्या, उतरव."

वाऱ्यावर गवत तेवढं सळसळत होतं. सगळा आलेख पाठ असून कानवाल्यांना हे सुचलं नव्हतं! आप्पांच्या कानाला जमेल असा खर्ज शोधता शोधता त्यांनी नेमकी आलेखातल्या त्या घसरगुंडीवरची उंच शिट्टी दुप्पट करून ठेवली होती. चांगल्या टर्बोला आप्पांनी मेलेला ठरवलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, बोल्ट पाना घेऊन वाकला होता!

"अरे, काय करतोस? तूच आत्ता म्हणालास ना, गातोय म्हणून!"

"म्हणालो होतो," बोल्ट कसनुसा होऊन म्हणाला. "पण वस्ताद म्हणतायत गेला, म्हणजे... दादा, यांनी सांगितलेलं आजवर चुकलेलं नाही हो. कदाचित आपल्यालाच भास झाला असेल."

"तिघांना?"

"एकत्र बसलो होतो ना."

पहिल्या नटावर पाना बसला. तेव्हा बायको पुढे झाली. ओरडली नाही. आप्पांच्या समोर उभी राहिली, त्यांना तोंड दिसेल अशी, आणि सावकाश म्हणाली, "आप्पा, शिट्टी आली. मला आली, याला आली, बोल्टला आली. मला तर एवढी आवडली की मी किंचाळले. तुम्ही शेजारीच होतात."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. मग बोल्टकडे, बोल्टने पाना पाठीमागे लपवला. स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यांनी एकदा अंगठ्याने पुसली, जणू दोष तिच्यातच असावा. कानवाल्यांचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ते तुझं यंत्र," आप्पा बॉनेटच्या आत बघत म्हणाले, "बरोबर असेलच."

"आहे."

"कानासाठी नकोय मला. कान शाबूत आहेत." त्यांनी तळहात पुढे केला. "तपासणीचं अवजार म्हणून दे. हे जुनं झालंय."

कानवाल्यांनी हजारो कानांमागे मशीन बसवलं असेल. पण त्या दिवशी मशीन दोनदा आप्पांच्या कॉलरमध्ये पडलं. तिसऱ्यांदा बसलं. त्यांनी ते चालू केलं आणि पळतच स्टिअरिंगशी गेले.

"वाढव रेस," आप्पा म्हणाले.

शिट्टी उठली. बारीक, लांब, चढत जाणारी.

आप्पा वाकलेले होते ते तसेच राहिले. स्क्रूड्रायव्हर हातात लोंबत राहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि या वेळी ते कुणाच्या मागून आलं नाही. "आहे की रे! जिवंत आहे! काय गोड घालतोय शिट्टी! वाढव अजून! बंद का केलीस? वाढव!"

बोल्टने पाना हवेत फेकला आणि झेलला. कानवाले रेस देत होते आणि बाहीने नाक पुसत होते. बायको टाळ्या वाजवत होती, आणि आप्पा दचकून तिच्याकडे वळले, कारण टाळ्याही ऐकू आल्या होत्या.

अचानक त्यांनी हात वर केला. "शू!"

ग्रंथपाल बाई गप्प झाल्या.

"बोल्ट्या, हे झिणझिण काय वाजतंय?"

"कुठे, वस्ताद?"

"नळी जिथे टर्बोला बसते तिथे. क्लॅम्प आवळला नाहीस नीट. इतकी वर्षं हाताखाली काढलीस आणि क्लॅम्प ढिला?"

बोल्टने हात घालून पाहिलं. क्लॅम्प खरंच पाव फेरा ढिला होता. इतकी बोलणी खाऊन इतका खूश झालेला मेकॅनिक त्या रस्त्याने आधी कधी पाहिला नसेल.

परत येताना गाडी आप्पांनी चालवली. अवजार कानामागेच होतं. काम संपलं तरी ते काढून द्यायचं त्यांना सुचलं नाही आणि कुणी सुचवलंही नाही. इंडिकेटर लावला की ते टकटक ऐकत वळण संपल्यावरही तो तसाच ठेवत होते.

मागच्या सीटवर बायको खिडकीकडे तोंड करून, नेहमीसारखं ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "चला, नळीचं खूळ संपलं एकदाचं."

"संपलं कसं, सूनबाई?" आप्पा पुढून म्हणाले. "मागचा सायलेन्सर अजून कंपनीचाच आहे."