डाळ मिलमधलं धूळ ओढायचं मशीन

"शेठ, हे मशीन चालवणं महाग, का बंद ठेवणं?"

दादानं हे शेठला विचारलं, दिवाणजीला विचारलं, मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरलाही विचारलं. दादा माझा मोठा भाऊ; आम्ही दोघंही मिलमध्ये मजूर. दादा गेला त्याला अजून महिना व्हायचाय. नंदनवन वस्तीकडच्या आमच्या डाळ मिलचा एक किस्सा काढला की मागून चार येतात, आणि प्रत्येकात तो खोकत उभा असतो.

मशीन आलं त्या दिवशी शेठनं नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. दादानं बटण दाबलं. मशीननं पहिल्यांदा काय ओढलं? हार!

"अबे, माही पूजाच खाल्ली यानं!" शेठ ओरडला.

मग लाइटचं बिल आलं. "धूळ फुकट उडून राहिली होती. आता तिले पकडाले पैसे देऊ?" मशीन बंद! शेठनं स्वतःच्या केबिनला तेवढी काच लावून घेतली. डाळ निवडणारी कौसाबाई तोंडाला पदर बांधत म्हणाली, "शेठजी, एक काच आमच्या नाकालेबी लावा ना!"

दादानं मशीनच्या पिशवीतली भुकटी एका गवळ्याला दिली. म्हशींनी टोपलं चाटून साफ केलं, अन् गवळी पैसे देऊन पोती नेऊ लागला. शेठ खूश! "अबे, हे धूळ नाही, माल हाय!" मशीन दिवसभर सुरू. दादाला रात्री झोप लागू लागली.

पुढं गवळ्याला दुसरीकडे सरकीची ढेप स्वस्त मिळाली. मशीन पुन्हा बंद.

"म्हणजे म्हशी जेवतीन तवरच आमी श्वास घ्यायचा काय?" दादानं विचारलं.

"तू दुसरा गवळी पाह्य," शेठ म्हणाला.

मी चौथीत शाळा सोडली. मला हा हिशेब सुटत नाही. मशीन तेच, धूळ तेवढीच. मग एकदा फायदा अन् एकदा तोटा कसा?

सगळ्यात भारी किस्सा शेवटचा. सरकारी साहेब तपासायला आले की मशीन हमखास सुरू व्हायचं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दादाला घरी न्यायला सांगितलं होतं. तो मला म्हणाला, "माह्या लग्नातला कोट काढ."

मी कोट घातला त्याला. शेजाऱ्याचा काळा गॉगल आणला. सायकल रिक्षात बसवून मिलच्या फाटकाशी नेलं.

"काय करून राहिला गा तू?" मी विचारलं.

"तू फक्त बोंबल, साहेब आले म्हणून."

मी बोंबललो! शेठ धोतर सावरत सुटला तो थेट मशीनच्या बटणापाशी. तिथूनच हात जोडले, "साहेब, चहा सांगतो!"

मशीन घरघरलं. कौसाबाईनं तोंडावरचा पदर सोडला, रिक्षाकडे एकटक पाहिलं आणि सुपात मान घातली.

रिक्षावाल्यानं निघायला पॅडल मारलं. दादानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"थांब गा. मिल सुटू दे."