विंगेतले ओठ

आई गेल्यानंतर सातव्या महिन्यात मी चिंचवडच्या नाट्यगृहात डाव्या बाजूच्या पहिल्या विंगेत उभी राहिले. ती जागा तिची होती. कामगार नाट्यस्पर्धेत वडिलांच्या कंपनीचा संघ दरवर्षी उतरत असे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, रंगमंचावर असत आणि आई काळ्या कापडाच्या आड संहितेची वही घेऊन त्यांना प्रॉम्प्टिंग करी. त्या वर्षी अण्णा निवृत्त होणार होते. निवृत्त माणसाला संघात घेत नाहीत, तेव्हा हे त्यांचे शेवटचे नाटक होते आणि प्रॉम्प्टरची जागा रिकामी होती. मला विचारले गेले. मी हो म्हटले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. दुःख म्हणता येईल असे काही जाणवत नव्हते. चहा गरम आहे हे जिभेला कळे, पण तो मी पीत आहे हे कळत नसे.

तालमी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, थेरगावच्या घरात, अण्णांनी आईची जुनी वही माझ्यासमोर ठेवली आणि दार लोटून घेतले.

"मला ऐकू येत नाई, माय."

"कमी येतं, अण्णा. माहितीये मला."

"कमी नाई. येतच नाई. तुझ्या आईबिगर कुणाला ठाऊक नाई. संघात कळलं तर माझं काम दुसऱ्याला देतील. एवढं एक नाटक निभाव."

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये त्यांची हयात गेली. पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या त्या दणक्यात कुणीच कुणाचे ऐकत नाही. माणसे हातांनी आणि ओठांनी बोलतात. अण्णा तिथे ओठ वाचायला शिकले होते आणि तोच शिरस्ता त्यांनी घरी आणला. एकाच छताखाली राहून मला ते समजले नव्हते, याचे आश्चर्य वाटायला हवे होते. मी वही उघडली.

मी मराठी घेऊन एम. ए. केले आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्णांची उतरंड मी वर्गात मुलांना म्हणून दाखवत असे, आणि कविता कानात राहते असे ठासून सांगत असे. चौथीपर्यंत शिकलेल्या आईने तीच उतरंड स्वतः शोधून काढली होती. क, ख, ग घशात होतात, ओठांवर त्यांचा मागमूस उमटत नाही. अशा शब्दांखाली तिने पेन्सिलने गळ्याला लावलेल्या हाताचे चित्र काढले होते. प, ब, म ओठांवर स्पष्ट दिसतात, पण तिन्ही एकसारखेच दिसतात. जिथे घोटाळा संभवे तिथे तिने म वर नाकाला लावलेले बोट काढले होते. म नाकातून येतो. अनुनासिक हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नसावा.

नव्या नाटकाच्या वहीत मीही तशाच खुणा काढल्या आणि तालमींत आम्हाला ते जमत गेले. अण्णा आपल्या सगळ्या जागा डावीकडे ओढून घेत. दिग्दर्शक कंपनीच्या क्वालिटी खात्यातले गृहस्थ होते, ते वैतागून म्हणत, "अण्णा, उजवीकडेपण रंगमंच आहे हो! त्याचं भाडं कोण भरणार?" सगळे हसत. अण्णा इतरांकडे बघून अर्धा क्षण उशिरा हसत. तो अर्धा क्षण मला आता दिसू लागला होता.

प्रयोग दुपारी होता. रंगपटात दाढीमिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा उग्र, गोडसर वास, ट्यूबलाइटखाली पिवळी पडलेली रंगवलेली माणसे, जुन्या शेरवानींच्या पेटीतून येणारी डांबरगोळ्यांची झुळूक. नटराजापुढे नारळ फुटला. त्याचे पाणी माझ्या मनगटावर उडाले ते थंड होते की कोमट, सांगता येणार नाही. तिसरी घंटा झाली. अण्णा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी मान हलवली तेव्हा ते रंगमंचावर गेले.

विंगेत उभ्या माणसाला नाटक बाजूने दिसते. बोलणाऱ्याच्या कानामागची रंगाची रेघ, टोपाची सुटलेली कड, दिव्याच्या झोतात उडणारी थुंकी. माझ्या हनुवटीखाली छोटा टॉर्च होता. त्याचा उजेड वहीवरही पडे आणि ओठांवरही. मी एकही ध्वनी न काढता अख्खे नाटक बोलत होते. प्रेक्षागृहात प्रॉम्प्टरचा आवाज गेला तर गुण कापतात. या बाबतीत आमच्या संघाला कधीच धास्ती नव्हती.

नाटक कारखान्यातलेच होते. बापाने यंत्रात डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवली, ती चुकीची बसली, आणि त्याच यंत्रावर मुलाची बोटे गेली. बाप ते वर्षभर लपवतो. शेवटच्या प्रवेशात मुलगा विचारतो, "डाय कुणी बसवली होती?" बापाने बराच वेळ गप्प राहून म्हणायचे: "पाप माझं होतं."

अण्णा गप्प राहिले. ठरल्यापेक्षा अधिक. त्यांचे डोळे माझ्याकडे आले आणि मला समजले की वाक्य गेले आहे. मी ओठांनी म्हटले, पाप माझं होतं. त्याच वेळी माझा हात नाकाकडे गेला. धूळ असावी. पडद्यांना धूळ होतीच.

अण्णा वळले आणि म्हणाले, "माप माझं होतं."

प्रेक्षागृहात निम्म्याहून अधिक कामगारांची कुटुंबे होती. चुकीच्या मापाचा अर्थ त्यांना सांगावा लागत नाही. कुठेतरी एक खुर्ची करकरली. मुलाचे काम करणारा वेल्डर दोन पावले मागे सरकला. ते संहितेत नव्हते. पडदा पडल्यावर टाळ्या बराच वेळ चालल्या. मी वही मिटली. माझ्या हातून झालेल्या चुकीला ती दाद मिळत होती, आणि मला ती बंद दारापलीकडून येत असल्यासारखी वाटत होती.

आमचा प्रयोग शेवटचा होता. रंग पुसायच्या आतच निकाल लागला आणि अण्णांना अभिनयाचे प्रमाणपत्र मिळाले. निकालानंतर परीक्षक संघांशी बोलत असत. आमच्या पाळीला सगळे जण मंचावरच अर्धवर्तुळात उभे राहिले, मी अण्णांच्या समोर. वयस्कर परीक्षकांच्या हाती आमची संहिता होती.

"इथे 'पाप' छापलंय," ते म्हणाले. "तुम्ही 'माप' म्हणालात. त्या एका अक्षराने नाटक वर उचललं. हा बदल कुणाचा?"

दिग्दर्शकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग ताठ होऊन सांगितले, "तालमीत सुचला, सर."

"यांनाच विचारू या. पाप काढून माप का केलंत?"

परीक्षकांच्या मिशा दाट, ओठ झाकणाऱ्या होत्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी हात खाली ठेवून नुसत्या ओठांनी म्हटले: पाप की माप? त्यांना काय दिसले असेल ते मला ठाऊक होते. एकच शब्द, दोनदा.

"हो साहेब," अण्णा अदबीने म्हणाले. "पापच."

हशा पिकला. "अहो, पण तुम्ही तर माप म्हणालात!" परीक्षकही हसत होते. अण्णाही हसले, अर्धा क्षण उशिरा, आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर रंगाखालून घाम येत होता. मी गप्प राहिले असते तर दिग्दर्शकांनी काहीतरी सांगून वेळ निभावली असती. मी बोट उचलून नाकाला लावले. सगळ्यांसमोर, आईने काढले होते तसे. पाप. बोट. माप.

अण्णांचे हसू गेले. 

"मला ऐकू येत नाई, साहेब. लई वर्षं झाली. आधी हिची आई, आता ही, विंगेतून बोलतात ते मी बघतो. ओठांवर दोन्ही सारखंच. मी चुकलो." प्रमाणपत्र त्यांनी पुढे धरले. "हे माझं नाई."

कुणी ते घेतले नाही. परीक्षकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. तेवढ्यात मागून वेल्डर म्हणाला, "अण्णा, ठेवा ते. आपल्या लायनीत धड ऐकतंय कोण, राव? मीपण ताईंच्याच तोंडाकडं बघून मागं सरकलो. मला वाटलं, नाकाला बोट म्हणजे मागं हो!"

यावर सगळे हसले. तो काय बोलला ते अण्णांना कळले नाही. मी त्यांना सांगितले, शब्द सुटे करून, हाताच्या खुणांसह, कुणापासून काही न लपवता. त्यांनी मान डोलावली, पण हसले नाहीत. प्रमाणपत्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवले.

परतीच्या बसमध्ये ते मोठ्याने बोलू लागले. आवाज चढेल या भीतीने घरीदारी ते इतकी वर्षे पुटपुटत आले होते. आता आवरायचे काही कारण उरले नव्हते. आईला कुठली भूमिका आवडे, कुठल्या वर्षी तिला विंगेत चक्कर आली, तिने वहीत पहिले बोट कधी काढले. सगळी बस वळून पाहत होती. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "जरा हळू बोलायला सांगा ना." मी त्यांच्याकडे पाहिले.  अण्णा बोलत राहिले, आणि मी खिडकीकडे न बघता, माझे ओठ त्यांना दिसतील असे त्यांच्याकडे तोंड करून बसले.