पुसून टाकलेले फोटो

अंबत्तूरचे गजेंद्र सबनीस रेल्वेतून निवृत्त झाले, तेव्हा मुलानं त्यांना खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. एका फोटोवर त्यांचा भरवसाच नव्हता. माणूस नेमके तेव्हाच डोळे मिटतो म्हणायचे. म्हणून सलग फोटो काढायचा मोड लावून ते बटण दाबूनच धरायचे. मग खुर्चीत बसून चांगला तेवढा एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे.

हल्ली बायकोचे, जयवंतीबाईंचे, फोटो फार पुसावे लागत. मधूनच एखाद्यात तोंड वाकडं यायचं.

“अगं, फोटो काढताना बोलू नकोस!” ते खेकसायचे.

“मी कुठे बोलले?”

पोंगलच्या सकाळी त्यांनी तिला दारातल्या कोलमच्या रांगोळीपाशी उभं केलं. बोलणी नकोत म्हणून ती ओठ घट्ट मिटूनच हसली आणि चहा टाकायला आत गेली.

ते पुसायला बसले. पहिला फोटो छान होता. दुसऱ्यात ओठांचा डावा कोपरा जरासा उतरला होता, तिसऱ्यात आणखी. शेवटच्यात अर्धाच चेहरा हसत होता.

बोट बटणावरच थांबलं.

“जयवंती!”

आत चहा उतू जाऊन गॅसवर चरचरत होता.