आबांचा रोजचा कागद

आमच्या कोक-जार गावात कुणाला कचेरीत अर्ज करायचा असला की तो आधी शारकानच्या खिडकीशी येतो. निळ्या चौकटीची बुटकी खिडकी, रस्त्याकडे तोंड करून. आत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी खोकत खोकत कागद ओकणारा प्रिंटर. कॉम्प्युटरवर घालायला तिनं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी शिवली आहे. धूळ बसू नये म्हणून, असं ती सांगते. मला वाटतं, त्याला थंडी वाजेल या काळजीनं.

शारकान माझी जाऊ. तिचा नवरा मेलिस आणि माझा नवरा चुलत भाऊ. ती दूर तलास भागातून सून म्हणून आली तेव्हा सोबत दोन गाठोडी आणि टायपिंगचा दाखला घेऊन आली होती. त्या दाखल्याला तेव्हा घरातल्या बायका हसल्या होत्या. आज त्याच बायका खिडकीशी रांग लावतात.

तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा साचा आहे. कुरणाचा अर्ज, कोळशाचा अर्ज, जनावराचा दाखला, लग्नाचं आमंत्रण, वर्षश्राद्धाच्या जेवणाचं आमंत्रण. एकदा मी विचारलं, रोज तेच तेच लिहून तुझी बोटं कंटाळत नाहीत का? ती म्हणाली, "जाऊबाई, तेच तेच कुठे लिहिते? शिरदाकाचा गालिचा करताना तुम्ही नक्षी दर वेळी नवी काढता का? नक्षीचा कागद एकदा कापायचा आणि जपून ठेवायचा. नमदा तेवढा दर वेळी नवा. जे बदलत नाही ते मी एकदाच लिहिते. जे बदलतं तिथे जागा सोडते."

जिथे नावाची जागा, तिथे ती 'असान' असं लिहून ठेवते, म्हणजे लोकांना कळावं की इथे नाव येतं. आमच्या गावात असान नावाचा एकही माणूस नाही, म्हणूनच तिनं ते निवडलं.

एसेन्तुर नावाचा एक मेंढपाळ दर शरद ऋतूत डोंगरावरून उतरला की खिडकीत कोपर टेकतो.

"शारकान, घटस्फोटाचा काढ."

"गेल्या वर्षीचा काय केला?"

"बायकोनं चूल पेटवली त्याच्यावर. तोच काढ, तारीख बदल फक्त."

"कारण काय लिहू?"

"तेच असू दे. चांगलं होतं."

ती काढून देते. चूल पुन्हा पेटते. त्यांना आता नातवंडं झाली आहेत.

तिचे सासरे या घराचे आबा. पस्तीस वर्षं घोड्यांचा कळप राखलेला माणूस. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याच्या भावांचंही नाही, म्हणजे मलाही ते वर्ज्य. शारकान तर इतकी कडक की बोटांनीही ते नाव लिहायची नाही. "बोट काय, जीभ काय, दोन्ही माझीच," असं म्हणायची. मेलिस रशियात बांधकामावर गेला तेव्हा जाण्याआधी त्यानं एक साचा करून ठेवला. वर वडिलांचं पूर्ण नाव, खाली मोकळी जागा. पेन्शनचं काम असो की दवाखान्याचं, शारकान तो उघडायची आणि पहिल्या ओळीच्या खाली लिहायला लागायची. पहिल्या ओळीला ती कधी धक्काही लावत नसे.

तीन वर्षांपूर्वी आबा विसरायला लागले. आधी घोड्याचं खोगीर कुठे ठेवलं ते, मग घोडा विकला होता ते, मग आपली बायको वारली होती ते. दवाखान्यातल्या जुमाश नर्सनं शारकानला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकीचं जाऊ दे. पण रोज त्यांना त्यांचं नाव ऐकव. माणसाचं स्वतःचं नाव गेलं की मागे काही राहत नाही."

आता नाव ऐकवणार कोण? म्हाताऱ्या माणसाचं नाव हळूहळू कुणाच्याच तोंडी राहत नाही. बायको नव्हती, बरोबरीचे गेले होते. मुलगा फोनवर बाबा म्हणतो, गाव आबा म्हणतं. घरात उरली एकटी शारकान, आणि तिला बंदी.

तेव्हा तिनं तो कागद केला. मेलिसच्याच साच्यात, पहिल्या ओळीच्या मागे-पुढे काळजीनं शब्द बसवून. मोठ्ठी अक्षरं, लांबून वाचता येतील अशी.

माझं नाव अमुक. आज अमुक वार. बाहेर ऊन आहे, किंवा बर्फ आहे. चहा देते ती माझी सून शारकान. माझा मुलगा मेलिस रशियात आहे, वसंतात येईल. माझी बायको टेकडीवर झोपली आहे. मी कळपातला एकही घोडा कधी हरवला नाही.

वार आणि हवा तेवढी रोज बदलायची. सकाळी चहाच्या वाटीबरोबर ती कागद पुढे ठेवायची, आणि आबा चष्मा चढवून मोठ्यानं वाचायचे. नाव ते स्वतःच्याच तोंडून ऐकायचे. घोड्याच्या ओळीवर आले की मान वर करून आमच्याकडे बघायचे, कुणी नाही म्हणतंय का म्हणून. त्या एका कागदावर ते दीड वर्ष उभे राहिले.

गेल्या शरदातली गोष्ट. कळप उतरले होते, खिडकीशी गर्दी. त्या घाईत शारकाननं आबांचा साचा उघडा असतानाच त्याच्यावर कुण्या विधवेचा कोळशाचा अर्ज लिहिला आणि तसाच जतन करून टाकला. नवीन नावानं ठेवायचा तो जुन्याच नावानं. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा पहिली ओळ गेली होती.

पहाटे उठून तिनं तो कागद पुन्हा रचला. शब्द पाठ होते. कोरा साचा घेतला, सगळ्या ओळी लिहिल्या. नाव मात्र दुपारी मेलिसकडून मागवायचं, तोवर जागा रिकामी ठेवायची, असं मनाशी ठरवलं. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं. ती धावली, परत आली, आणि छापून मोकळी झाली.

मी त्याच वेळी सायीची वाटी घेऊन दारात पोचले होते.

आबा वाचत होते. "माझं नाव असान." थांबले नाहीत, अडखळले नाहीत. वार वाचला, ऊन वाचलं, घोड्यांपाशी आमच्याकडे बघितलं. मग रिकामी वाटी पुढे केली. "असानला अजून थोडा चहा दे, पोरी."

शारकाननं किटली खाली ठेवली.

"आबा, ते तुमचं नाव नाही. साच्यातलं चुकून राहिलंय."

"मग काय आहे?"

ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. मी काय करणार होते, मीही सूनच. माझा नवरा गवत आणायला डोंगरावर, मेलिसचा फोन दुपारशिवाय लागत नाही, शेजार सगळा बटाटे काढायला गेलेला. तिनं धावत जाऊन पेटीतून आबांचं ओळखपत्र आणलं आणि नावावर बोट ठेवलं. आबांनी ते वाचलं, अगदी नीट, मोठ्यानं. मग फोटो बघितला.

"कोण हा? बरा दिसतो म्हातारा."

"तुम्हीच, आबा."

"मी असान. हे बघ ना, इथे छापलंय. तूच छापलंस." त्यांनी कागदावर प्रेमानं तळहात फिरवला. "सरकारी कागद काय, काहीही सांगतो. तुझा कागद कधी खोटं बोलला नाही."

शारकानचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. ती त्यांच्यासमोर खाली बसली. पदर पुढे ओढावा तसा रुमाल कपाळावर ओढला, आणि सासऱ्याचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, हळू, स्पष्ट. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी दारातच खाली मान घातली.

आबांनी वाटी खाली ठेवली.

"काय म्हणालीस?"

तिनं रुमाल आणखी पुढे ओढला.

"सून सासऱ्याचं नाव घेते? तोंडावर? तलासमध्ये हेच शिकवतात का पोरींना?"

"कुणाचं नाव, आबा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"माझं. आणखी कुणाचं? माझ्या बापानं ठेवलेलं नाव आहे ते, तुझ्या जिभेवर यायला नाही ठेवलं." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आणि तू ऐकत उभी राहिलीस. दोघी सारख्याच."

शारकान उठली, गुडघ्यावर हात ठेवून नव्या नवरीसारखी तीनदा वाकली. तिचे डोळे वाहत होते आणि ओठ हसत होते. आबांना ते वाकणं बघून सवयीनं आशीर्वाद द्यावाच लागला. तोही त्यांनी रागातच दिला.

मग म्हणाले, "हा असान कोण घुसलाय माझ्या कागदात? काढ त्याला."

"नाव मी नाही लिहिणार, आबा. एकदा घेतलं तेवढं पुरे."

"तू कशाला? मी लिहितो."

ते टेबलाशी जाऊन बसले. तिनं नमद्याची टोपी काढली, कागद पडद्यावर उघडून दिला, आणि दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. लगाम धरून धरून जाड झालेलं ते बोट एकेका अक्षरावर जाऊन थबकायचं, मग दाबायचं. त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागला. आमच्या लिपीत नावाचं पहिलं अक्षर मोठं यायला हवं, ते लहानच राहिलं.

"खाली आणखी एक ओळ घाल," ते म्हणाले. "सुनेनं एकदा माझं नाव घेतलं. मी माफ केलं."

"ही रोजची ओळ की आजची, आबा?"

"रोजची."

त्या दिवसापासून ती ओळ साच्यात आहे, आणि साच्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. पहिलं अक्षर अजून लहानच आहे. एसेन्तुरनं एकदा पाहून चूक दाखवली, तर शारकाननं त्यालाच गप्प केलं.

मेलिस वसंतात आला आणि पुन्हा गेला. आबा हल्ली घोड्यांच्या ओळीवर मान वर करत नाहीत, पण नाव वाचतात. कधीकधी शेवटची ओळ वाचून चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "असं केलं होतंस तू?"

"विचारू नका, आबा," ती म्हणते, आणि वाटीत चहा ओतते.