केणीबाईंकडची माणसं जात नसत

शालिनी केणी गेल्याची बातमी माझ्या मुलीने, मुग्धाने, मला फोनवर दिली. "बाबा, मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी ठाण्याच्या घरी गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो. फोन कानाला तसाच धरून मी तिचं रडणं ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही. मनात आलं ते असं, की मी गेल्यावर ही इतकी रडेल का... निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला हा विचार शोभत नाही, हे मला कळतं. पण बाईंवर लिहायला बसलो आहे तर सुरुवात तिथूनच करायला हवी. जितकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, तितकी वर्षं मला त्यांचा हेवा वाटत होता.

मी एका वीज कंपनीच्या कल्याणच्या कार्यालयात मनुष्यबळ विभागाचा अधिकारी होतो. काम सांगायला सोपं होतं, अभियंते भरायचे आणि भरलेले टिकवायचे. भरणं जमायचं. परीक्षा व्हायची, यादी लागायची, आणि हिंगोली, यवतमाळ, सोलापूरकडची मुलंमुली मोठाल्या बॅगा घेऊन कल्याणला उतरायची. टिकवणं मात्र जमत नसे. मे महिन्यात एखादं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळलं की घामाघूम माणसांचा जमाव कार्यालयात शिरायचा आणि त्याच्या समोर उभा असायचा तेवीस-चोवीस वर्षांचा सहायक अभियंता, ज्याला अजून कुठली गल्ली कुठे निघते तेही ठाऊक नसायचं. फोन सतत वाजायचा. वर्गमित्र पुण्या-बंगळुरात थंडगार कचेरीत. मग एक दिवस राजीनामा माझ्या टेबलावर यायचा. मी त्या मुलाला समोर बसवायचो, चहा मागवायचो, सरकारी नोकरीसारखी शाश्वती, बढतीच्या संधी, सगळं सांगायचो. मुलं फार नम्रपणे ऐकायची आणि जायची. मी योजना आखल्या, प्रश्नावल्या काढल्या, प्रत्येक नवीन माणसाला एक ज्येष्ठ मार्गदर्शक नेमून दिला. कागदावर सगळं उत्तम होतं.

डोंबिवलीतल्या एका विभागात मात्र माणसं टिकत होती. तिथे केणीबाई कार्यकारी अभियंता होत्या. त्यांचं कुटुंब दिवा स्टेशनजवळच्या गावातलं, वडील मिठागरावर कामाला होते. पुढे भावांनी जमिनी बिल्डरला दिल्या, त्यांवर टॉवर उभे राहिले, म्हणजे बाईंना नोकरीची तशी गरज राहिली नव्हती. तरी त्या सकाळी नऊच्या आत खुर्चीवर असत. उंच, सावळ्या, आवाज जरा घोगरा. आमच्याशी बोलताना शुद्ध बोलत, आणि लाइनमन दिसला की लगेच "काय रं, जेवलास का?" अशा गावच्या बोलीत शिरत. एका आढावा बैठकीत आमचे मुख्य अभियंता सगळ्यांसमोर म्हणाले, "सबनीस, तुमच्या योजना राहू द्या. केणीबाई काय करतात ते एकदा जाऊन बघून या." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

मी गेलो. वही घेऊन दिवसभर त्यांच्या कार्यालयात बसलो. लिहून घेण्यासारखं काही घडलंच नाही. त्या मुलांना चारचौघांत झापत होत्या, रजा नाकारत होत्या. माझी प्रश्नावली त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली कोरी पडली होती. संध्याकाळी हिंगोलीचा गजानन नावाचा एक अभियंता आत आला आणि त्याने राजीनामा पुढे केला. मी सावरून बसलो, म्हटलं आता दिसेल. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "जा. जायलाच पाहिजे, चांगली नोकरी आहे. फक्त तुझ्या जागी जो येईल त्याला तुझा सगळा भाग पायी फिरून दाखव. खांबन् खांब. मग मी सही करते." एवढंच. थांब म्हणाल्या नाहीत. मी कल्याणला परत येताना रिक्षात स्वतःशीच म्हटलं, या बाईचं नशीब जोरावर आहे, दुसरं काही नाही. पुढच्या महिन्यात कळलं, गजाननने राजीनामा मागे घेतला.

मुग्धा इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली. परीक्षा दिली, आमच्याच कंपनीत लागली. त्या निवडीत मी कुठेही नव्हतो, तशी लेखी नोंद मी स्वतः करून घेतली होती. तिला नेमणूक मिळाली ती बाईंच्या विभागात. सहा महिन्यांत तिच्या बोलण्यात "मॅडम म्हणतात" सुरू झालं. भाजीत मीठ कमी पडलं तरी मॅडम काहीतरी म्हणत असत. तिची आई गमतीने म्हणायची, "अगं, आता आडनावही बदलून घे." मी हसायचो, आणि जेवण लवकर आटपायचो. दोन वर्षांनी तिला बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी चालून आली. आयुष्यभर परक्यांच्या मुलांना "जाऊ नका" म्हणणारा मी, माझ्या मुलीला म्हणालो, "जा. एक दिवसही थांबू नकोस." तिने राजीनामा लिहिलाही. मी स्वतः त्यातली भाषा दुरुस्त करून दिली.

तीन आठवड्यांनी ती घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "बाबा, मी जात नाहीये."

मी कारण विचारलं. ती म्हणाली, "त्या नवीन मुलाला फिरवत होते ना... कुठल्या सोसायटीची केबल कुठून गेलीय, पाणी साचलं की रस्त्यावरचा कुठला विजेचा डबा आधी बंद करायचा, कुठल्या आजोबांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे... मी सांगत होते आणि तो लिहून घेत होता. आणि मला कळलं की हे सगळं मला येतं. मला माहीतच नव्हतं की मला एवढं येतं." इतक्या वर्षांत कुठल्याही प्रश्नावलीतून जे मला सापडलं नव्हतं, ते मला माझ्याच घरात, माझ्याच मुलीकडून कळलं. बाई कुणाला थांबवत नव्हत्या. जाता जाता त्याला स्वतःची किंमत कळेल एवढीच व्यवस्था करत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी तिला जा म्हणालो होतो आणि बाईंनीही जाच म्हटलं होतं, आणि तरी ती त्यांच्यासाठी राहिली होती.

त्याच उन्हाळ्यात बदल्यांचे प्रस्ताव निघाले. ठाण्यात खोपटजवळ आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे कुणी जायला तयार नसे. गाडी नाही, माणसं नाहीत, हातात काही सत्ता नाही. मी टिपण लिहिलं: प्रशासकीय निकड लक्षात घेता, श्रीमती केणी यांच्या अनुभवाचा लाभ नवीन अभियंत्यांना व्हावा. एकही शब्द खोटा नव्हता. वर सही झाली. बाईंनी डोंबिवली सोडली त्या दिवशी कार्यालयाच्या दारात लाइनमन उभे होते म्हणे. मी गेलो नाही. वर्षभरात त्या विभागातले तीन अभियंते गेले, गजाननही गेला. मुग्धा राहिली. मला वाटलं होतं बाई खचतील. उलट काही महिन्यांनी केंद्रातून येणारी मुलं "मॅडम म्हणतात" म्हणत माझ्यासमोर रुजू व्हायला लागली. आधी एका विभागात ऐकू येणारं ते वाक्य मी आता जिल्हाभर पसरवून दिलं होतं.

बाईंना आजार निघाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. मुग्धा मला बळेच त्यांना भेटायला घेऊन गेली. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, हात अगदी बारीक झाले होते. मुग्धा त्यांच्या सुनेबरोबर स्वयंपाकघरात गेली. बाई म्हणाल्या, "सबनीस, तुमचं मराठी फार चांगलं. प्रशासकीय निकड. तो कागद मी पाहिलाय." मी खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाल्या, "मला लागलं होतं ते. खोटं कशाला बोलू? दोन महिने मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते." मला वाटलं, आता त्या म्हणतील, पण झालं ते चांगल्यासाठीच झालं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. पाणी मागितलं, मी दिलं. पेला परत देताना म्हणाल्या, "मुलगी छान वाढवलीत." त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती. शब्द ओठांपर्यंत आले होते... मुग्धा बाहेर आली आणि आम्ही निघालो.

त्या गेल्यावर पाचएक आठवड्यांनी मी एकटाच खोपटला गेलो. काम काही नव्हतं. रिक्षातून उतरलो आणि केंद्राचा जिना चढलो. दुपारचा एक वाजला होता. वर्गाबाहेरच्या लांब खोलीत टेबलं जोडून मुलंमुली डबे उघडून बसली होती, पण कुणी घास घेतला नव्हता. खालच्या कार्यशाळेतला एक मुलगा यायचा होता. तो हात पुसत आला, बसला, आणि मग सगळ्यांनी एकदम जेवायला सुरुवात केली. बाईंनी लावलेली ही सवय आहे, असं परभणीकडची एक मुलगी म्हणाली. शेवटचा माणूस आल्याशिवाय जेवायचं नाही. मॅडम गेल्या तरी चालू आहे. तिने मला खुर्ची दिली, पोळी वाढली आणि विचारलं, "काका, तुम्ही मॅडमचे कोण?"

मी म्हणालो, "त्यांना या केंद्रावर मी पाठवलं होतं."

मुलीने हातातला घास खाली ठेवला. बाजूची दोन-तीन मुलंही माझ्याकडे बघायला लागली. ती म्हणाली, "मग तुमचे तर आभार मानायला पाहिजेत काका. आम्हाला मॅडम तुमच्यामुळे मिळाल्या." आणि तिने आपल्या डब्यातली भाजी मला वाढली. खरं सांगावं असं वाटलं, पण मी काही सांगितलं नाही. सगळं आयुष्य ज्या आभारांची मी वाट पाहिली होती ते समोर होते, आणि तेही बाईंचेच होते. मी मान खाली घालून ती भाजी संपवली.