सात नंबरचं माप

इस्त्रीच्या गरम कापडाचा वास आला की निलंग्यातलं ते शिंप्याचं दुकान आठवतं. भूकंपात आमच्या गावच्या कबड्डी संघाचे कागद गाडले गेले, म्हणून लातूरच्या क्लासमध्ये शिकवून रविवारी मी जुन्या खेळाडूंची यादी जुळवत हिंडायचो. तालुका जिंकलेल्या संघातलं सातवं नाव गावातले म्हातारे लिहू देईनात. "त्यो कुठं खेळला? नुसतं पाणी द्यायचा." भूकंपात गेलेल्या त्या माणसाच्या लेकीला घेऊन मी निलंग्यात संघाचे बनियन शिवणाऱ्या शिंपी चाचांकडे गेलो. चाचांनी मापांची जुनी वही उघडली. संघाच्या बनियनच्या टाचलेल्या पिवळ्या चिंधीखाली तिच्या वडिलांचं नाव होतं, छाती छत्तीस, नंबर सात. "पाणी देणाऱ्याला मी नंबर कशाला शिवू?" चाचा म्हणाले. लेकीनं त्याच मापाचा, पाठीवर सात नंबर असलेला बनियन शिवून घेतला आणि यादी वाचायच्या दिवशी साडीवर चढवून म्हाताऱ्यांकडे पाठ करून बसली. मी आजही ती यादी सातव्या नावापासून वाचतो.