सातवा सरायच्या आत

लेकीला बाळंतपणासाठी आष्टीहून बीडला आणायचं होतं आणि नेमके तेव्हाच गाडीचे पुढचे ब्रेक पॅड संपले. मेकॅनिक म्हणाला, कंपनीचे यायला आठवडा लागेल. लोकल आत्ता मिळतील.

"लोकल चालतील का?"

"चालत्यात की काका. समदेच काय वाईट नसत्यात. पर ह्या डब्यावर कुणाचं नाव न्हाई, गाव न्हाई. म्या माझ्या गाडीला बसवलं नसतं."

त्याच्याकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कंपनीचा नवा पॅड होता. दोन्हींना मी पट्टी लावली. जाडी सारखीच भरली. पण आत काय दाबून भरलंय, ते पट्टी कुठून सांगणार?

आठवडा थांबायचं, तर सातवा महिना सरत होता. आमच्यात आठव्यात लेकीला हलवत नाहीत.

"मग काय, भरल्या नवव्यात आणायची तिला? त्या खड्ड्यांतून?" बायकोनं विचारलं.

भाड्याची गाडी करावी, तर तिला कसले पॅड आहेत हे कुणाला विचारणार? शेवटी लोकल बसवले.

जाताना ब्रेक नीट लागले. येताना पाटोदा मागे पडलं आणि पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला. मग जळका वास आला. मांजरसुंब्याला मी गाडी कडेला घेतली. पुढे घाटाचा उतार होता. मागे बायकोशेजारी लेक पोटावर हात ठेवून झोपली होती. मी गाडी बंद केली.

"उतरा. एसटीनं जाऊ."

"अहो, आन् गाडी?"

"राहू दे हितंच."

टायरवाल्याच्या दुकानापुढे गाडी लावली, मेकॅनिकला फोन करून कंपनीचे पॅड मागवायला सांगितले आणि बीडची बस धरली. बसमध्ये लेकीला पॅडचं, पट्टीचं सगळं सांगितलं. वाटलं, सुटलो. पहिल्या वळणाला बस कलली तेव्हा मनात आलं, हिला कसले बसवले असतील?

"पप्पा, घाम किती आलाय तुमाला! आता ड्रायव्हरला पट्टी देऊ का मोजायला?" लेक हसली. बायकोही हसली.

मला हसता येईना. समोरचा दांडा धरून मी उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबत होतो, प्रत्येक वळणाला जास्तच. बीड आलं तेव्हा पायात गोळा आला होता. लेकीनंच मला हाताला धरून खाली उतरवलं.